चौकोनी गाडी, त्रिकोणी इंजिन

नाशकात गाडी बिघडली तर माणूस एकटा पडत नाही. सातपूरला महिंद्राचा कारखाना, इगतपुरीला त्यांच्याच इंजिनांचा, ओझरला विमानांचा. त्यामुळे ज्या घरात गाडी नाही, त्या घरातही आयुष्यभर कशाचे तरी नट आवळून निवृत्त झालेला एक माणूस सापडतोच. रस्त्याच्या कडेला बॉनेट नुसतं उघडा; मिसळ खाऊन परतणारी चार माणसं थांबतात आणि पाच मतं देऊन जातात.

अशा गावात राहून मी नोकरीभर फक्त आकडे तपासले. लेखा विभागात मुरलेल्या माणसाला आवाजावरून, वासावरून, अंदाजावरून काही पटत नाही. त्याला आकडा लागतो, आणि तो आकडा कुठल्या तरी रकान्यात बसावा लागतो. आमच्या गाडीचे पुढे जे हाल झाले, त्याचं मूळ तिच्या इंजिनात नव्हतं; या खोडीत होतं.

गाडी म्हणजे वडिलांची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 बनवता बनवता सत्तरच्या दशकात तिचं पद्मिनी असं बारसं केलं, पण आमच्याकडे आजही ती फियाटच. चार सिलिंडर, 1089 सीसी, चाळीसच्या आसपास घोडे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, आणि कोपरे असे की मुलांनी पट्टी लावून काढावेत. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा पेपरांनी मृत्युलेख छापले. आमच्या हिने ते कात्रण माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. बोलली काहीच नाही.

प्रकरणाला तोंड फुटलं नांदुरीच्या घाटात. सासूबाईंना वणीच्या देवीला न्यायचं म्हणून मी गाडी धुतली, पुसली, सीटला नवीन कव्हरं घातली, पायाखाली मेन रोडवरून आणलेली जाडजूड काथ्याची मॅट टाकली. दिंडोरीपर्यंत गाडी गुणी मुलीसारखी चालली. नांदुरी सोडून गडाचा चढ लागला आणि तिने दम टाकला. दुसऱ्यात ओढेना, पहिल्यात कण्हू लागली. पहिल्या मोठ्या वळणावर मेव्हणा उतरला, पुढच्या वळणावर ही उतरली. सासूबाईंना उतरा असं म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. त्या आपण होऊन उतरल्या आणि मागून आलेल्या एसटीला हात दाखवून निघून गेल्या. आम्ही गडावर पोहोचलो तेव्हा त्यांचं ट्रॉलीने वर जाऊन दर्शन झालेलं होतं आणि त्या खाली पेढे घेऊन बसल्या होत्या. "जावईबापू, देवीने बोलावलं तरी गाडीने ऐकायला हवं ना," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री मी मोबाइल घेऊन बसलो. गाडी ओढत नसेल तर कॉम्प्रेशन तपासा, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरात कोंडलेली हवा पिस्टन किती जोरात दाबू शकतो ते. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनासे झाले, की हवा निसटते आणि गाडीचा दम जातो. प्लग काढायचा, त्या भोकात दाब मोजायचं घड्याळ बसवायचं, सेल्फ मारायचा आणि आकडा वाचायचा. आकडा! मी उठून बसलो. इतकी वर्षं या गाडीबद्दल मला कोणी आकडा दिला नव्हता. वडील रोज सकाळी बंपरच्या भोकातून हॅन्डल घालून इंजिन अर्धं फिरवायचे आणि "आहे दम" म्हणायचे. हे काय हिशोबात धरता येतं?

एका व्हिडिओतला दंडावर गोंदवलेला गोरा गृहस्थ मला फार आवडला. तो महागडं यंत्र नको म्हणत होता. साधं घड्याळ घ्या आणि घरीच करा. त्याने नळीच्या टोकातली बारीक पिन काढून टाकली. सायकलच्या ट्यूबच्या तोंडाशी असते तसली. मग मदतनिसाने सेल्फ मारला आणि घड्याळाचा काटा नाचू लागला. गृहस्थ बोटांवर मोजत होता: एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. तिन्ही उड्या सारख्या असल्या की इंजिन ठणठणीत, एखादी आखूड पडली की गेलं. इथे मला एकदा शंका आली होती, ती नमूद करतो. माझे सिलिंडर चार. हा तीन का मोजतोय? पण रात्र झाली होती, आणि परदेशी माणूस आहे, त्याच्याकडे काही कारण असेल, असं म्हणून मी व्हिडिओ अर्ध्यात बंद केला. तो कुठल्या गाडीवर वाकला होता ते पाहिलंच नाही. बॉनेटखाली सगळं सारखंच दिसतं.

घड्याळ द्वारका चौकाजवळच्या दुकानातून आणलं. दुकानदाराने विचारलं, "पेट्रोल की डिझेल?" डिझेलचा दाब पेट्रोलच्या दुपटीहून किती तरी जास्त असतो, तिथे हे घड्याळ फुटेल म्हणाला. मी तज्ज्ञासारखा हसलो.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम ठेवला. ठेवला म्हणजे मी कोणाला बोलावलं नव्हतं. बॉनेट उघडलं, तेवढं निमंत्रण पुरलं. सगळ्यात पुढे एचएएलकाका. ओझरच्या कारखान्यात उभी हयात गेलेली, मिग-21 च्या काळापासूनची. त्यांना पाहून मला धीर आला.

"काका, तुम्ही जेट इंजिनं हाताळलीत, तुम्हाला हे म्हणजे किरकोळ."

काका जरा चुळबुळले. "इंजिनं तिकडे कोरापुटला, ओडिशात व्हायची. रडार-रेडिओचं हैदराबादला. आम्ही ओझरला विमानाचा सांगाडा करायचो." मग घसा साफ करून म्हणाले, "पण दरवाजा वाजत असेल तर सांग."

मी चारही प्लगच्या वायरी उपटल्या आणि बाजूला नीट एका रांगेत ठेवल्या. त्यांना खुणा करायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. नीट ठेवणं आणि खूण करणं यातला फरक हिशोबाच्या माणसाला कळायला हवा होता. कॉइलची वायर मात्र काढली, कारण तसं न करता सेल्फ मारला तर ठिणगी कुठेही उडू शकते आणि उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ येत असते. एवढं व्हिडिओतल्याने पहिल्या मिनिटात सांगितलं होतं. पहिली मिनिटं मी सगळ्याच गोष्टींची लक्षपूर्वक ऐकतो.

पिन काढली, घड्याळ बसवलं. ही स्टिअरिंगवर. "अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धर," मी ओरडलो, कारण हवा आत जायला कार्ब्युरेटर सताड उघडा हवा.

"दाबलाय."

"पूर्ण?"

"आता पाय जमिनीतून बाहेर काढू का?"

सेल्फ घरघरला. प्लगच्या भोकांतून फुस् फुस् करत हवा उडाली आणि घड्याळाचा काटा नाचायला लागला. पन्नासच्या अलीकडे उडी, परत शून्य, उडी, शून्य. मी मोबाइलवर चित्रण करून ते हळू चालवून पाहिलं, अगदी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे. एक, दोन, तीन. तिन्ही उड्या तंतोतंत सारख्या! चारही सिलिंडरना तेच. मी टाळीसाठी हात पुढे केला.

"पण आकडा किती?" काका म्हणाले.

पंचेचाळीस. पेट्रोलच्या धडधाकट इंजिनाला सव्वाशे-दीडशे पीएसआय हवेत, हे मी स्वतःच सगळ्यांना चहा देताना सांगितलं होतं. जमलेल्या मंडळींचे चेहरे एकदम सांत्वनाला आल्यासारखे झाले. कोणी म्हणालं बोअर करावा लागेल, कोणी म्हणालं स्लीव्ह टाका, कोणी खर्चाचा अंदाज सांगितला. काकांनी बॉनेटवर हात ठेवला. हिने त्या कात्रणाची आठवण काढली नाही, पण तिच्या मनात ते होतं, मला दिसलं.

तेवढ्यात माझा भाचा आला. तो इंजिनिअरिंगला आहे आणि रविवारी दुपारपर्यंत झोपतो, म्हणून त्याला कार्यक्रमातून वगळलं होतं. त्याने माझा मोबाइल घेतला, व्हिडिओ पाहिला, आणि तो पार्किंगच्या खांबाला टेकून जे हसायला लागला ते थांबेना.

"मामा, ही माझदा आरएक्स-8 आहे. रोटरी इंजिन. त्यात पिस्टनच नसतात."

पिस्टन नसतात म्हणजे मग काय असतं, हे त्याने मला आणि जमलेल्या पंधरा जणांना हाताचे अंगठे आणि तर्जन्या जोडून, त्रिकोण करून समजावलं. कमरेत जरा आवळलेली अशी एक लांबट पोकळी. तिच्यात फुगीर कडांचा एक त्रिकोणी रोटर घुमतो. तीन टोकं सतत भिंतीला टेकलेली, त्यामुळे तीन कप्पे. रोटर फिरतो तसा प्रत्येक कप्पा लहान-मोठा होतो आणि हवा ओढणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं हे सगळं तेवढ्यातच उरकतो. ना व्हॉल्व्ह, ना वरखाली आदळणारे पिस्टन. फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन माणसाची ही कल्पना. एनएसयू कंपनीत 1957 साली असलं पहिलं इंजिन चाललं. आणि हा वांकेल नजरेने इतका अधू होता की त्याने उभ्या आयुष्यात गाडी चालवायचं लायसन्स काढलं नाही. हे ऐकून मला त्याच्याबद्दल आपलेपणा वाटू लागला.

"म्हणून तीन उड्या," भाचा म्हणाला. "रोटरच्या एका फेऱ्यात तिन्ही बाजू एकाच प्लगसमोरून जातात. प्रत्येक उडी वेगळ्या बाजूची. साधं घड्याळ सगळ्यात मोठा दाब धरून ठेवतं, म्हणजे एक बाजू मेलेली असली तरी कळत नाही. म्हणून पिन काढून काटा नाचवायचा. तीन सारख्या, तर तिन्ही बाजू ठीक. मग पिन परत बसवून आकडा घ्यायचा. हे तो पुढे सांगतोय, मामा. तू अर्ध्यात बंद केलास."

"आणि आपल्या गाडीत?"

"आपल्या गाडीत तू एकाच सिलिंडरची त्याच्या स्वतःशी तीनदा तुलना केलीस."

नोकरीत असताना एका कारकुनाने बेरीज बरोबर आहे की नाही ते त्याच बेरजेवरून ताडून पाहिलं होतं. त्याला मी जे बोललो होतो ते मला शब्दन् शब्द आठवलं.

माझं एकच समाधान होतं, ते काकांनी पुरवलं. म्हणाले, हे वांकेल प्रकरण आपल्याकडेही झालंय. निशांत नावाचं वैमानिकाविना उडणारं विमान, ट्रकवरून भिरकावून सोडायचं आणि पॅराशूटने उतरवायचं. त्याच्यासाठी नगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेने बंगलोरच्या संस्थांबरोबर असलंच रोटरी इंजिन बनवलं. 2009 मध्ये कोलारला ते घेऊन निशांत उडालं. वजन तीसएक किलो, ताकद पंचावन्न घोडे. म्हणजे सिन्नर-शिर्डीच्या रस्त्याने तीन-चार तासांवर एक इंजिन होतं, जे दोन माणसं उचलून नेऊ शकली असती आणि ज्याला माझा व्हिडिओ लागू पडला असता. गडही चढलं असतं.

आता पिन परत बसवायची. पिन नव्हती. कूलरच्या पाण्याच्या मोरीपर्यंत सगळ्यांनी शोधली. शेवटी काकांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्यूबची पिन आणली; दिसायला हुबेहूब, आटे जुळले. घड्याळाने सत्तर दाखवले. भाच्याने पुढे वाचून सांगितलं की या घड्याळातल्या पिनेची स्प्रिंग अगदी नाजूक असते. ट्यूबची ताठ, ती उघडायलाच दाबाचा काही भाग खर्च होतो आणि आकडा कमी येतो. शिवाय तोवर सेल्फ मारून मारून बॅटरी उतरलेली. इंजिन सावकाश फिरलं की दाबही कमी. सत्तरात किती सत्तर खरे, ते सांगायला कोणी तयार होईना.

इथे थांबायला हवं होतं. पण सिलिंडरात तेल टाकून परत मोजतात, आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा, हे मला भाच्याकडून कळलं होतं. चमचाभर तेल, तो म्हणाला. मी घरातून पळी आणली. पळी हाही एक चमचाच आहे, असा माझा हिशोब. चार सिलिंडरना चार पळ्या. घड्याळ एकशे नव्वदवर!

"तरणीताठी झाली की हो गाडी," काका म्हणाले.

झालं असं की तेलाने सिलिंडरातली जागाच व्यापली. हवेला राहायला कोपरा उरला, त्यात ती दडपली गेली. याहून जास्त ओतलं असतं तर पिस्टन वर येऊन तेलावर आदळला असता आणि दांडा वाकला असता. तेल काही हवेसारखं दबत नाही. माझ्याकडे आता तीन आकडे होते: पंचेचाळीस, सत्तर आणि एकशे नव्वद. मी त्यांची सरासरी काढली. एकशे एक पूर्णांक सदुसष्ट. हा आकडा मी डायरीत लिहून ठेवला आहे, तो अजून तिथेच आहे.

मग प्लग लावले, वायरी लावल्या. रांगेत ठेवल्या होत्या, त्याच रांगेत लावल्या. कोणत्या टोकाकडून ठेवल्या होत्या ते विसरलो होतो. फियाटच्या सिलिंडरना ठिणगी मिळते ती एक, तीन, चार, दोन या क्रमाने. मी तिला भलताच क्रम दिला. शेजाऱ्याच्या बॅटरीला केबल जोडून सेल्फ मारला. आधी सायलेन्सरातून एक बार झाला, त्याने पार्किंगमधली कबुतरं आणि तीन गाड्यांचे अलार्म उठले. मग तेल जळू लागलं. पांढरा-निळा धूर एवढा आला की वरच्या मजल्यांवर खिडक्या धडाधड बंद झाल्या. महापालिकेची डेंग्यूची धुरळणी आली असं समजून मुलं आनंदाने धुरात पळू लागली, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनी वरून ओरडून सांगितलं, "अहो, मागच्या बाजूलाही मारा, तिकडे डास फार आहेत!"

दुपारी गाडी दोरीने ओढत उस्तादांकडे नेली. द्वारकेजवळच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. वडिलांच्या काळात ते तिथे पोऱ्या होते. मी तीन आकडे, सरासरी आणि चित्रण असं सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी शांतपणे वायरी जागेवर लावल्या. तेल उपसलं, गाडी चालवून उरलेलं जाळून टाकलं. मग प्लग काढले आणि पोऱ्याला सेल्फ मारायला सांगून प्रत्येक भोकावर अंगठा दाबून धरला. अंगठा उडाला की पुढचं भोक. घड्याळ नाही, काही नाही.

"चारही ठीक आहेत, साहेब."

"आकडा किती?"

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. "आकडा नाही येत याच्यावर."

मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, अ‍ॅक्सिलेटर दाबला, खाली वाकून पाहिलं आणि काथ्याची मॅट ओढून बाहेर काढली. पोऱ्याने दरवाजातून भिरकावली ती माझ्या पायाशी आली. पेडल त्या जाड मॅटवर अर्ध्यात अडकत होतं. घाटात गाडीला अर्धाच श्वास मिळत होता, आणि पार्किंगमध्ये ही अगदी खरोखर पूर्ण दाबत होती, तेव्हाही अर्धाच. म्हणजे माझा एकही आकडा कुठल्याच बाजूने खरा नव्हता. हे घरी कसं सांगायचं, याची जुळवाजुळव मी करत असताना उस्ताद माझ्या मोबाइलमधला तो व्हिडिओ पाहत होते. भाच्याने दाखवलेलं, आतून कापलेल्या इंजिनाचं चित्रही त्यात पुढे होतं. त्रिकोण घुमत होता. उस्तादांनी चष्मा चढवला. गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"हे तीन कोपरे भिंतीला घासत फिरणार?"

"हो."

"तेल किती मिळणार त्या कोपऱ्याला? काय लावलंय तिथे?"

मी गप्प. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की उस्तादांनी गॅरेजच्या दारात उभं राहून जो प्रश्न विचारला, त्याच प्रश्नावर एनएसयू कंपनी बुडाली. 1967 मध्ये तिने आरओ 80 नावाची देखणी रोटरी गाडी काढली, युरोपात तिला 1968 च्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला, आणि लगेच कोपऱ्यांच्या पट्ट्या झिजू लागल्या. कंपनी हमीपोटी इंजिनं बदलून देता देता थकली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या पदरात गेली. दोन आरओ 80 वाले रस्त्यात भेटले की किती इंजिनं बदलली ते बोटं दाखवून एकमेकांना सांगायचे म्हणतात. जपानात माझदाच्या इंजिनिअरांनाही त्या पोकळीच्या भिंतीवर आडवे ओरखडे सापडायचे. त्यांना ते सैतानाची नखं म्हणायचे. कोपऱ्याच्या पट्ट्यांसाठी कार्बनचं मिश्रण सापडेपर्यंत त्यांनी वर्षं घातली. त्याच माझदाच्या 787बी या रोटरी गाडीने 1991 मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली.

हे सगळं दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेलो तेव्हा उस्तादांना सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. सैतानाच्या नखांपाशी "बरोबर" म्हणाले. बिलात वायरी आणि तेल उपसण्याचे पैसे होते, मॅटचे नव्हते.

"असलं इंजिन नाशकात कोणी आणलं तर माझ्याकडे नका पाठवू, साहेब," ते म्हणाले. मग हातातला पाना पुसता पुसता जरा विचार केला. "नाही, पाठवा. पण तुम्ही बरोबर येऊ नका."